लेआर्को मिस्त्री आणि तिसरे बेअरिंग

जो अणूच्या पोटात फिरतो आणि ग्रहगोलांना आपल्या बोटावर फिरवतो, ज्याच्या चाकाला वंगण लागत नाही आणि ज्याच्या यंत्राची घरघर आजवर कुणाच्या कानी आलेली नाही, त्या जगच्चालकाला आधी साष्टांग वंदन असो. देवा, हाताला कसब देणारा तूच, आणि त्या हाताला कधी कधी चुकू देणाराही तूच. कसबाने माणूस लोकांत मोठा होतो. चूक कबूल केली की तुझ्या उंबऱ्याशी येतो. आजचे गुणगान अशाच एका माणसाचे आहे. तो संत नव्हे, पंडित नव्हे. त्याच्या नखांतले काळे कधी निघाले नाही, आणि रविवारच्या प्रार्थनेला तो नेहमी मागच्या बाकावर बसला, कारण पुढच्या बाकांना तेलाचे डाग पडतात असे त्याची बायको म्हणे.

त्याचे नाव लेआर्को बास्सोली. वय त्र्याहत्तर. सपाटीचे मळे संपून रस्ता डोंगराची वळणे घेऊ लागतो, त्या बोर्गोतार्सो गावाच्या वेशीवर त्याचे पत्र्याच्या दाराचे गॅरेज. गावच असे की घरोघरी एखादी जुनी वेगवान गाडी झाकून ठेवलेली. कुणाच्या बापाची, कुणाच्या मामाची. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्याकडे निदान मत असतेच. आणि अशी सगळी मते जिथे येऊन गप्प बसत, ती जागा म्हणजे लेआर्कोचे गॅरेज. सगळे गाव त्याला मिस्त्री म्हणत असे.

मिस्त्रीची एक शिस्त होती आणि ती त्याने पन्नास वर्षे नित्यनेमासारखी पाळली. कुणी धावत आला, "मिस्त्री, ऑइल प्रेशरचा काटा पडला, इंजिन गेलं!" म्हणून छाती बडवू लागला, की लेआर्को आधी हात पुसे. मग ऑइलची काडी बाहेर काढी. किती आहे ते पाही, थेंबभर चिमटीत घेऊन चोळी, नाकाशी नेई. पातळ झाले आहे का, पेट्रोल मिसळले आहे का, जळले आहे का, हे नाकच सांगे. मग गाडीच्या काट्याला खबर देणारा छोटा पितळी बल्ब काढून त्या भोकात तांब्याच्या नळीचा स्वतःचा काटा बसवी आणि गरम इंजिनाचे खरे प्रेशर बघे. मग विचारी, कोणते ऑइल, कोणता फिल्टर. मग जास्तीचे प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडी. आणि एवढे सगळे निर्दोष ठरले, तरच खालचे चेंबर उघडून बेअरिंगांना हात घाली.

"काटा हा साक्षीदार आहे," तो म्हणे. "न्यायाधीश नाही. साक्षीदाराची आधी उलटतपासणी घ्यायची."

एकदा गावचा दातांचा डॉक्टर रडवेला होऊन आला होता. दुसऱ्या गावच्या कुणीतरी त्याला इंजिन उतरवायला सांगितले होते. लेआर्कोने बल्बची सैल झालेली वायर घट्ट केली आणि काटा जागेवर आला. "डॉक्टर," तो म्हणाला, "दात दुखतो म्हणून आलेल्याचा तुम्ही आधी जबडा काढता का हो?" हा किस्सा बारमध्ये वर्षभर पुरला.

असा हा क्रमाचा पुजारी. पण सज्जनहो, पूजा रोज करणाऱ्याच्याही मनात एखादा कोपरा असतो, जिथे तो दिवा नेत नाही. लेआर्कोच्या मनातल्या त्या कोपऱ्यात एक बेअरिंग होते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचा जिवलग मित्र ओत्तोरिनो गाल्लेराणी, पावाच्या भट्टीचा मालक, डोक्याने गुळगुळीत आणि गळ्याने सुरेल. त्याच्याकडे पिस्त्याच्या रंगाची, दोन आसनांची, डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरलेली जुनी गाडी होती. तिचे इंजिन लेआर्कोने आठ दिवसांत नव्याने बांधून दिले. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा म्हणजे क्रँक, त्याची पाच बेअरिंगे. प्रत्येकात किती जागा उरते हे मोजायला प्लॅस्टिकचा एक बारीक दोरा मिळतो. तो मध्ये ठेवून बेअरिंग आवळायचे, पुन्हा उघडायचे, आणि चेपलेल्या दोऱ्याची रुंदी पट्टीवर वाचायची. दोरा चार बेअरिंगांपुरताच उरला होता. पाहणी कडेपासून सुरू केलेली. मधले, तिसरे, शेवटी राहिले. दुकान सोमवारी उघडणार, शर्यत रविवारी. ओत्तोरिनो खांद्याशी उभा राहून गात होता. लेआर्कोने तिसरे बेअरिंग अंगठ्याने चाचपले, क्रँक फिरवून पाहिला. हाताला कळते, असे मनाशी म्हणाला आणि आवळून टाकले.

"सगळी मोजलीस ना रे?" ओत्तोरिनोने विचारले होते.

"पाचही," लेआर्को म्हणाला होता.

एवढेच. एका शब्दाचे खोटे. गाडी अकरा वर्षे घोड्यासारखी धावली, आणि तो शब्द अकरा वर्षे लेआर्कोच्या आत धावला.

गेल्या शरदात ओत्तोरिनो गेला. त्याची बायको आर्मिदा अडुसष्ट वर्षांची, भट्टीच्या धगीने गाल कायमचे लाल झालेली. तिने गाडी विकली नाही. वसंतातल्या त्या रविवारी, जेव्हा हिवाळाभर झाकलेल्या गाड्या गावात पहिल्यांदा बाहेर निघतात, तेव्हा तिने स्वतः तिला बाहेर काढले. त्या दिवशी वाटसरूंचा राखणदार सान क्रिस्तोफोरो याच्या दिव्यातले चमचाभर ऑलिव्हचे तेल प्रत्येक जण आपल्या इंजिनात घालतो. चमचाभर तेलाने इंजिनाचे काही बिघडत नाही आणि माणसाचे मन शांत राहते, म्हणून मिस्त्रीनेही कधी ना म्हटले नव्हते. आर्मिदानेही तो नेम केला. मग ती रोज थोडी थोडी गाडी चालवू लागली.

जुलैच्या पंचवीस तारखेला संताची मिरवणूक. पुढे मूर्ती, तिच्यामागे गावातल्या सगळ्या जुन्या गाड्या, माणसाच्या चालीने, टळटळीत उन्हात, तासभर. जिला उडायला जन्म दिला, तिने रांगायचे. शर्यतीच्या इंजिनाला याहून मोठी परीक्षा नाही: ऑइल तापून पातळ होते, पंप हळू फिरतो, प्रेशर उतरते. दरवर्षी या गाडीचा काटा मिरवणुकीत दोनवर येऊन थांबे. यंदा तो दोनवर आला, एकवर आला, आणि चर्चच्या चौकाआधी शून्याच्या खिळ्याला जाऊन टेकला. आर्मिदाने चावी फिरवून इंजिन बंद केले. मागून सहा जण उतरून ढकलू लागले.

"आर्मिदा, ओत्तोरिनो असताना आम्हाला हिची फक्त पाठ दिसायची!" एक जण ओरडला. "आज पहिल्यांदा हात लागला!"

"मग नीट लाव की!" ती पुढूनच ओरडली. "आणि तो रंग ओरखडू नकोस, म्हसोबा!"

लोक हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दोरीने ओढून गॅरेजात आणली गेली. आर्मिदा दाराशीच म्हणाली, "लेआर्को, सरळ सांग. तोरिनो शहरातला एक गृहस्थ शनिवारी येतोय. त्याला गाडी हवीय. इंजिन मेलं असेल तर देऊन टाकते त्याला, नेऊ दे. मेलेला नवरा मी सांभाळीन. त्याच्या जोडीला मेलेलं इंजिन मला जमायचं नाही."

"आणि मेलं नसेल तर?"

"तर मग माझ्या मरणापर्यंत मीच चालवीन. दुसरं काय करणार? विणकाम?"

एरवी लेआर्कोने आधी हात पुसले असते. त्या दिवशी त्याने हात पुसले नाहीत, काडी काढली नाही. "इंजिन मेलं" हे शब्द ऐकताच त्याच्या डोळ्यांपुढे अंगठ्याने चाचपलेले ते तिसरे बेअरिंग उभे राहिले. त्याने क्षणभर इंजिन चालू करवले, लाकडी दांडा इंजिनाला टेकवून दुसरे टोक कानाला लावले, आणि त्याला ऐकू आले: ठक, ठक, ठक. अहो, मनात जे अकरा वर्षे वाजत होते, ते कानात वाजायला कितीसा वेळ!

"बेअरिंग," तो म्हणाला. "उद्या चेंबर उघडतो."

आर्मिदाने मान हलवली आणि निघून गेली. तिच्या पाठीकडे बघताना त्याला वाटले, आपण एका विधवेला दुसऱ्यांदा विधवा केले.

दुपारी जेवायला बसला तर भोपळ्याचे सारण भरलेले तोर्तेल्ली ताटात निवत राहिले. त्याची बायको इल्दे समोर बसून पाहत होती.

"काय रे, ताटात बेअरिंग दिसतंय का?"

"भूक नाही."

"पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय हे वाक्य. डॉक्टरला बोलवू की पाद्रीबाबांना?"

लेआर्कोने जेवणाचा काटा खाली ठेवला. "इल्दे, एखादी गोष्ट कुणालाच माहीत नसेल, आणि ती सांगितल्याने कुणाचं भलं होणार नसेल, तर?"

"तर ती तुला जेवू देईल," इल्दे म्हणाली. "ही देत नाहीये. म्हणजे सांगण्यासारखीच आहे." आणि तिने ताट झाकून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी उचलून लोखंडी टेकूंवर ठेवलेली, खाली परात ठेवलेली, लेआर्को पाठीवर सरकून आत गेलेला आणि पाना पहिल्या नटावर. तेवढ्यात दारातून आर्मिदाचे बूट दिसले. ती स्टुलावर बसली.

"मला बघायचंय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी ओत्तोरिनोचं पोट उघडलं तेव्हाही मी बाहेर बसले नव्हते."

पाना फिरला नाही.

"लेआर्को, एक विचारू? काल तू काडी काढलीच नाहीस."

ती स्टुलावरून खाली वाकली.

"ओत्तोरिनो म्हणायचा, हा लेआर्को स्वर्गाच्या दाराशी गेला तरी आधी काडी काढेल, मग राम राम करेल. काल काय झालं तुला?"

लेआर्को सरकत बाहेर आला. फरशीवरच बसून राहिला. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून पान्याशी बोलला.

"काडी काढायची गरज नव्हती. मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत आहे. आर्मिदा, मी चारच मोजली होती. दोरा संपला. तिसरं मी अंगठ्याने बसवलं. त्याने विचारलं तेव्हा पाचही म्हणालो. त्याला खोटं सांगितलं मी. तुझं इंजिन मी मारलंय, कुणी दुसऱ्याने नाही."

आर्मिदाचे लाल गाल आणखी लाल झाले.

"मूर्खा," ती हळूच म्हणाली. "दोन रात्री झोपले नाही मी. मला वाटलं, मी मारलं."

"तू?"

"वसंतातल्या रविवारी. चमचा घातला ना, तशी काडीही काढून बघितली. तो दरवर्षी बघायचा, म्हणून मीही. ऑइल खालच्या खुणेला आलेलं. घरात डबा नव्हता. संताच्या दिव्यासाठी आणलेली बाटली होती, आशीर्वाद दिलेली. मला वाटलं, दुकानातल्या ऑइलपेक्षा हे बरं. त्याच्या पश्चात पहिल्यांदा गाडी काढत होते, लेआर्को. भीती वाटत होती. चमचाभर संत पुरेल की नाही, कोण जाणे. सगळी बाटली ओतली."

"केवढी बाटली?"

"लिटरची. आणि जूनमध्ये अर्धी अजून."

लेआर्को उठला. त्याने कापडाने हात पुसले, एकेक बोट करून पुसले. मग काडी ओढून काढली, थेंब चिमटीत घेतला, चोळला, नाकाशी नेला, आणि डोळे मिटून घेतले.

"आर्मिदा," तो म्हणाला, "यात कांदा घातला असतास तर जेवण झालं असतं."

ती आधी रागाने बघत राहिली. मग तोंडावर हात नेऊन हसू लागली, आणि हसता हसता रडली. तो म्हणाला, "संताला चमचाभर पुरतं गं. तू त्याला आंघोळ घातलीस."

आता पुजारी आपल्या पूजेवर परत आला. त्याने बल्ब काढून तांब्याच्या नळीचा काटा बसवला आणि इंजिन तापवले. मंद चालीला अर्धा. म्हणजे गाडीचा काटा खोटे बोलत नव्हता. इंजिन बंद करून सगळे ऑइल परातीत सोडले, फिल्टर बदलला, जाड नवे ऑइल भरले, पुन्हा तापवले. पाऊण.

आर्मिदाचा चेहरा उतरला. "म्हणजे बेअरिंगच?"

"घाई करू नकोस. घाई काल मी केली."

त्याने इंजिनाच्या कुशीतला रिलीफ व्हॉल्व्हचा बोल्ट उघडला. स्प्रिंग बाहेर आली. तिच्यामागून जो छोटा दट्ट्या आपोआप निसटून हातात यायला हवा, तो आलाच नाही. आत चिकटून बसलेला, दार किंचित उघडे ठेवून. पंप दाब तयार करी आणि तो त्या फटीतून परत चेंबरमध्ये निसटून जाई. लाकडी काडीने हलके हलके हलवून त्याने दट्ट्या काढला. त्यावर मधाच्या रंगाचा, चिकट, कढईच्या कडेला धरतो तसा थर.

"तापून तापून तेलाचा डिंक झाला," तो म्हणाला. "कढई घासतेस ना? हे तेच."

थर घासला, दट्ट्या आरशासारखा केला, भोक पुसले, सगळे परत बसवले. इंजिन तापले. दोघे नळीच्या काट्याकडे बघत होते. मंद चाल. काटा थरथरला आणि दोनवर उभा राहिला. लेआर्कोने लाकडी दांडा कानाला लावला. ठक ठक नव्हते. नुसता एकसुरी गुंजारव.

आर्मिदाने क्रूसाची खूण केली. "झालं तर! आता उतरव हिला."

वाचकहो, गोष्ट इथे संपू शकली असती. काटा दोनवर, बाई समाधानी, संतही निर्दोष. तिसऱ्या बेअरिंगाचे नाव आता कुणी काढणार नव्हते. चांगल्या प्रेशरच्या आड लेआर्को आणखी अकरा वर्षे बसू शकला असता. पण ज्याने एकदा तोंडाने सांगितले, त्याला डोळ्यांनी पाहिल्यावाचून राहवत नाही.

"नाही," तो म्हणाला. "चांगलं, असं काट्याने म्हटलंय. मी अजून म्हटलेलं नाही."

"अरे पण आता गरज काय?"

"तुझ्या गाडीला नाही. मला आहे."

दोरा मागवला, या वेळी दोन पाकिटे. दिवसभर लागला. चेंबर उतरले, क्रँकला खालून आधार दिला, एकेका बेअरिंगाची टोपी उघडून दोरा ठेवला, आवळले, उघडले, पट्टी लावली. पहिले, दुसरे, चौथे, पाचवे: एका मिलिमीटरचे शंभर भाग करावेत, त्यातले पाच. मग तिसरे. दोरा उजेडात धरला. चष्मा काढला, पुसला, परत धरला.

"सात," तो म्हणाला.

"म्हणजे गेलं?"

"दहापर्यंत चालतं."

"म्हणजे चांगलं?"

लेआर्कोने पट्टी खाली ठेवली. "म्हणजे चालेल. पण इतर चारांसारखं नाही. माझा अंगठा चुकला होता. फरक केसाच्या जाडीएवढाही नाही, पण चुकला होता."

आर्मिदा त्याच्या हातातल्या त्या चेपलेल्या दोऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "केसाएवढासुद्धा नाही? मग ते ओत्तोरिनोच्या डोक्यासारखंच झालं की. असू दे."

"असू दे नाही. नवी जोडी घालतो. मोजून."

"आणि मी म्हटलं, राहू दे, तर?"

"तर मी जेवणार नाही, आणि इल्दे मला घराबाहेर काढेल."

"घाल बाबा मग," ती म्हणाली. "इल्देच्या वाटेला मी जात नाही."

शुक्रवारी तिसऱ्या बेअरिंगात पाच शतांश भरले. आर्मिदाने तोरिनोच्या गृहस्थाला फोन केला. तो फार सभ्य माणूस होता. त्याने कारण विचारले. "गाडी बरी आहे," ती म्हणाली, "म्हणून." शनिवारी तिने गाडी सुरू करून दारातून बाहेर काढली, आणि डोंगराच्या पहिल्या वळणाशी तिचा आवाज चढत गेला. लेआर्को दारात ऐकत उभा होता. इल्दे झाकलेले ताट घेऊन आली होती, आणि तो उभ्याउभ्या जेवला, अख्खे ताट.

हे नारायणा, या लेआर्को बास्सोलीला आयुष्य दे, आणि त्याच्या अंगठ्याला असेच भान दे की आपल्याला सगळे कळत नाही. इल्देची जीभ धारदार राहो आणि तिची चूल पेटती राहो. त्या घरात खरे बोलायला कधी कुणाला भीती न वाटो; त्या अंगणात आलेला कुणी परत जाताना जड न होवो. त्यांच्या म्हातारपणाचा उतार लांब आणि सोपा असो, आणि दोघांनी तो बरोबर उतरावा. तथास्तु.